गोवा, फोन आणि थोडा काळोख

बेळगावकरांना गोवा परका नाही. सकाळचा चहा घेऊन चोर्ल्यातून उतरलं की दुपारचं जेवण फोंड्याला. माझी मावशी बांदोड्याला राहते, घराला लागून कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग आहे, आणि शाळेतल्या मेच्या सुट्ट्या सगळ्या तिथेच गेल्या. या खेपेला दसरा उरकून, दिवाळीच्या तोंडावर गेलो ते एकच काम ठरवून: निसर्गाचे फोटो काढायचे, आणि तेही फक्त फोनवर. मोठा कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला. बॅगेत चार लेन्स असल्या की निम्मा वेळ त्या बदलण्यात जातो आणि उरलेला सांभाळण्यात.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध विचार करूनच निवडला होता. पाऊस ओसरलेला असतो पण पुरता गेलेला नसतो, त्यामुळे आकाशात ढग मिळतात. हवा धुऊन निघालेली असते, लांबचे डोंगर स्वच्छ दिसतात. भात पिवळं झालेलं, धबधब्यांना पाणी, आणि डिसेंबरची गर्दी अजून यायची असते. एप्रिलमध्ये हाच मुलूख पांढुरक्या, धुरकट उजेडात बुडालेला असतो.

फोनबद्दल एवढंच की मागे तीन कॅमेरे आहेत. फिल्मच्या जुन्या मापात सांगायचं तर मुख्य कॅमेरा 24 मिमीच्या आसपास, अल्ट्रावाइड 13 आणि टेलिफोटो 75च्या जवळपास; आकडा लहान तेवढं फ्रेममध्ये जास्त मावतं, मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. आजकालच्या बऱ्याच फोनांत थोड्याफार फरकाने हेच असतं. कंपनीचं नाव सांगून वाद कशाला घाला.

शुक्रवार: रायबंदर, दिवाडी, नार्वे

मावसभाऊ, ज्याला मी दादाच म्हणतो, पहाटे पाचला स्कूटर काढून अंगणात उभा होता. उजाडायच्या आत आम्ही रायबंदरला पोचलो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा पोन्त द लिन्यारिश हा पाण्यातून जाणारा सखल रस्ता पोर्तुगिजांनी 1633-34 मध्ये बांधला. लांबी सुमारे तीन किलोमीटर. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. मीठ पिकतं ते उन्हाळ्यात. पावसाळ्यानंतर या आगरांत नुसतं पाणी असतं, मध्ये मातीचे अरुंद बांध, आणि वारा नसेल तर सगळं आकाश दोनदा दिसतं.

इथे फोनचा एक फायदा कळतो, जो मोठ्या कॅमेऱ्याला नाही. फोन उलटा धरला, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली, की लेन्स पाण्यापासून जेमतेम दोन बोटांवर येते. उभ्याने काढलेल्या फोटोत पाणी म्हणजे मधला एक पट्टा असतो. खाली वाकून काढला की तेच पाणी पायाशी सुरू होतं आणि क्षितिजापर्यंत जातं. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे जवळचा बांध आणि लांबची खारफुटी दोन्ही एकाच वेळी ठळक येतात, त्यासाठी काही वेगळं करावं लागत नाही.

त्रास दुसराच झाला. सूर्य यायच्या आधी मिठागरावर करडा-जांभळा उजेड होता आणि डोळ्यांना बांध काळे दिसत होते. फोनने जो फोटो दिला त्यात सकाळचे नऊ वाजले होते. बांधावरचं गवत हिरवंगार, माती तांबूस, आकाश निळं. याचं कारण एचडीआर. बटण एकदा दाबलं तरी फोन कमीअधिक उजेडाच्या अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, आणि सावलीतलं सगळं वर उचलतो. लग्नाच्या मांडवात, खिडकीला पाठ करून बसलेल्या आजीचा चेहरा दिसावा म्हणून हे उत्तम. पण पहाटेचं सगळं रूपच सावलीत असतं, आणि तीच काढून घेतली तर उरतं काय?

उपाय सोपा आहे, फक्त दर वेळी आठवणीने करावा लागतो. आकाशातल्या उजळ भागावर बोट दाबून धरायचं, कुलूप लागल्याची खूण दिसली की सोडायचं, आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. किती? बांध डोळ्यांना जेवढे काळे दिसतायत तेवढे स्क्रीनवर होईपर्यंत. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या रूपात फोटो काढला तर फोनची ढवळाढवळ कमी होते आणि नंतर हाताने हवं तेवढं करता येतं, पण फाइल मोठी होते. मी ठरावीक जागीच रॉ वापरतो.

या रस्त्यावर गाड्या सुसाट येतात. फोटोच्या नादात दोन पावलं मागे सरकायची सवय असलेल्यांनी आधी मागे बघावं.

उजाडल्यावर रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, अजूनही. मी लोखंडी दाराच्या अगदी टोकाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा बोटीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मात्शें फाटीं सरात." मागे सरलो. इंजिनाची थरथर पायातून हातात येते, पण लख्ख उजेडात शटर इतकं वेगाने उघडझाप करतं की फोटोत ती दिसत नाही.

दिवाडीला उतरलं की पिएदादच्या टेकडीपर्यंत दोन्ही बाजूंना खाजन. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय इथे काय फ्रेममध्ये घ्यायचं ते कळत नाही. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीला, कुठेकुठे तिच्याही खाली आहे. गावकऱ्यांनी शतकानुशतकं मातीचे बांध घालून ती नदीपासून राखली. बांधात ठरावीक जागी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. खारं पाणी थोडंफार शिरलं तरी तग धरणारं कोरगुट नावाचं भात इथलंच. म्हणजे डोळ्यांसमोर जो सपाट पिवळा "निसर्ग" दिसतो तो माणसाने बांधलेला आहे, आणि रोज दोनदा नदी त्याची परीक्षा घेते.

म्हणून मी शेताचे सरसकट फोटो सोडले आणि मानशीवर जाऊन बसलो. ओहोटी चालू होती. आतलं पाणी दारातून फेसाळत बाहेर पडत होतं. दार, बांधाची रेघ, त्यापलीकडे भात, त्याच्यावर टेकडी आणि चर्चचा पांढरा ठिपका. इथे अल्ट्रावाइड मोह पाडतो, आणि त्याला नकार द्यायला हवा. 13 मिमीत सगळं मावतं खरं, पण टेकडी उंचवट्याएवढी होते आणि तीन चतुर्थांश फोटो रिकाम्या आकाशाचा. त्याच जागेवरून मुख्य कॅमेऱ्याने दार मोठं आलं, आणि शंभर पावलं मागे जाऊन टेलिफोटोने काढल्यावर टेकडी बांधाच्या अगदी पाठीशी येऊन उभी राहिली. माझ्या मते फोनवर निसर्ग टिपणाऱ्याने टेलिफोटोची सवय आधी लावावी. अल्ट्रावाइड लागतो, पण क्वचित.

पाण्यावरची चकाकी मारायला दादाचा पोलराइज्ड गॉगल कामी आला. लेन्ससमोर धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. पाण्याकडे तिरकं बघत असाल तर एका ठरावीक कोनात चकाकी नाहीशी होते आणि तळाचा चिखल, त्यातली रोपं दिसू लागतात. भाताच्या पात्यांवरचा पांढुरका तजेला गेला की पिवळा रंगही खरा दिसतो. साधा काळा गॉगल मात्र नुसता अंधार करतो.

एका शेतात लुंवणी, म्हणजे भातकापणी चालली होती. बायका विळ्याने कापत होत्या, पेंढ्या बांधत होत्या. दादाने विचारून घेतलं, फोटो काढला तर चालेल का. त्यातली एक न थांबता म्हणाली, "फोटो काडपाक सगळे येतात, लुंवपाक कोण येना." सगळ्या हसल्या. फोटो काढायची परवानगी मिळाली, आणि दादाला विळा. त्याने पाच मिनिटं कापलं आणि कमरेला हात लावून उभा राहिला.

विजेच्या तारा हा गोव्यातल्या प्रत्येक सुंदर रस्त्याचा शाप. फोनमध्ये आता तारा पुसायची सोय असते आणि ती चांगली चालते. मी वापरत नाही. चार पावलं डावीकडे जाऊन तार माडाच्या खोडामागे लपत असेल तर लपवतो, नाहीतर असू देतो.

दुपारी बेटाच्या दुसऱ्या टोकाहून फेरीने नार्वे. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे आला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथलं मंदिर बांधवून घेतलं. डोक्यावरचं ऊन, कडक सावल्या. फोन खिशात ठेवला, दर्शन घेतलं, झाडाखाली बसून पोळी-भाजी खाल्ली.

शनिवार: तांबडी सुर्ला आणि कुळागर

फोंड्याहून मोल्याच्या बाजूला जाऊन आत वळलं की रस्ता जंगलात शिरतो. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बसाल्टचं. गोव्यात त्या काळातलं एवढं धड उरलेलं दुसरं देऊळ नाही. आजूबाजूला जांभा दगड, आणि हा बसाल्ट घाटावरून आणला असावा असं अभ्यासक मानतात. देऊळ पूर्वाभिमुख आहे, पण पूर्वेला घाट उभा, त्यामुळे ऊन इथे उशिरा उतरतं. आम्ही पोचलो तेव्हा देवळावर फक्त आकाशाचा उजेड होता, भोवती ओलं हिरवं जंगल, बाजूला ओढ्याचा आवाज.

काळा दगड हा फोनच्या डोळ्याला न पटणारा पदार्थ. समोर मोठा काळा भाग दिसला की तो समजतो उजेड कमी पडला, आणि करडा करून टाकतो. पहिल्या फोटोत देऊळ सिमेंटचं वाटत होतं. उजेड बराच खाली ओढला तेव्हा दगड दगडासारखा दिसला आणि खांबांवरची कोरीव नक्षी सावलीतून बाहेर आली. कोरीव काम सावलीमुळेच दिसतं. सावली भरून काढली की नक्षी सपाट होते.

रंगाचाही घोळ होता. गर्द झाडीत सगळा उजेड पानांतून गाळून येतो, तो हिरवट असतो. फोन कधी ते हिरवं ठेवतो, कधी त्यावर उपाय म्हणून सगळंच गुलाबीकडे ढकलतो, आणि लागोपाठच्या दोन फोटोंत दोन वेगळे दगड दिसतात. प्रो मोडमध्ये, जिथे सगळं हाताने ठरवता येतं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, एका आकड्यावर बांधून टाकला की निदान सगळे फोटो एका देवळाचे वाटतात.

आणखी एक गोष्ट इथे तपासून घेतली. उजेड कमी असला की बरेच फोन तुम्ही टेलिफोटो निवडूनही तो वापरत नाहीत. गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचा मधला भाग कापून मोठा करून देतात, कारण त्याची लेन्स जास्त उजेड घेते. ओळखायचं कसं? टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही तर समजा की तो कॅमेरा झोपलेला आहे. माझा झोपलेला होता. नऊनंतर उजेड वाढला तेव्हा उठला.

देऊळ लहान आहे, फोटोत ते कळत नाही. अल्ट्रावाइडने जवळून काढलं की भिंती तिरक्या होतात आणि ते भलंमोठं दिसतं. दादाला पायरीशी उभं केलं आणि लांबून काढला; तो एकच फोटो मापाला खरा आला. दादाच्या टी-शर्टावर कुठल्याशा सिमेंटची जाहिरात होती, त्याला इलाज नव्हता.

दुपारी घरी. मावशीने हुमण आणि सोलकढी केली होती, त्यामुळे पुढचे दोन तास फोटोग्राफीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चारच्या सुमारास कुळागरात शिरलो. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर ही मजल्यांची बाग असते. सगळ्यात वर माड आणि पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, खाली जायफळ, केळी, त्याखाली अननस आणि हळद, आणि मधून झऱ्याचं पाणी खेळवणारे पाट. क्षितिज इथे नाहीच, सगळं उभं. त्यासाठी पॅनोरमा आडवा न फिरवता फोन आडवा धरून खालून वर नेला. पाटापासून सुरू करून पोफळीच्या शेंड्यापर्यंत. वारा नसताना हे जमतं. वारा असला की झावळ्या जोडावर तुटतात.

संध्याकाळी ओट्यावर बसून मावशीला फोटो दाखवले. फोनने स्वतःच्या मनाने काढलेले आधी. ती चष्मा वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "एवढा उजेड आमच्या कुळागरात कधी पडतो रे? भर दुपारी सुद्धा आत पाय ठेवला की थंड, काळोखी असते."

मग मी तोच फोटो तिच्यासमोर उघडून सावल्या खाली ओढल्या, ब्लॅक पॉइंट वाढवला, म्हणजे काळं आणखी काळं केलं, रंगांचा भडकपणा कमी केला. पाट तेवढा चमकत राहिला आणि बाकी सगळं मागे गेलं. "हां, आता आमचं," ती म्हणाली. मला या सगळ्या खटाटोपाची दिशा इथेच पक्की कळली. फोन प्रत्येक जागा दाखवायला निघतो, आणि झाकायचं काय ते आपण ठरवायचं. त्यापुढे बाकीच्या युक्त्या दुय्यम.

रात्री वाड्यावरची मुलं दिवाळीला जाळायचा नरकासुर बांधत होती. बांबूचा सांगाडा, त्यात भरलेलं गवत, वर कागद, आणि अजून डोकं न लागलेला तो धिप्पाड देह बल्बच्या उजेडात. नाइट मोडने नरकासुर झकास आला. मुलं मात्र सगळी पुसट. कुणाला तीन हात, कुणाला धडच नाही. फोन तीन सेकंद उजेड गोळा करतो, आणि दहा-बारा वर्षांचं पोर तीन सेकंद एका जागी थांबत नाही. ते फोटो बघायला मुलांनी गर्दी केली, त्यांना ते फारच आवडले.

रविवार: दूधसागर

रविवारी दूधसागरला जाऊ नये. दादा हे तीनदा म्हणाला आणि तरी आला. कुळ्याहून जीप, अंगात लाइफ जॅकेट, वाटेत ओढ्यांतून पाणी उडवत जाणारी गाडी, शेवटी दगडांतून चाल. धबधब्याखालच्या डोहाशी माणसांची जत्रा, आणि माकडं हातातल्या पिशव्यांवर नजर ठेवून.

सुमारे 310 मीटरवरून मांडवी इथे टप्प्याटप्प्याने कोसळते, आणि कड्याच्या मध्यातून रेल्वेचा पूल जातो. कॅसलरॉक ते कुळे हा 26 किलोमीटरचा घाट, चढ 37 ला 1, त्यामुळे गाड्यांना ढकलायला जादा इंजिनं लावतात. रुळांवरून चालत यायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी.

सकाळची वेळ फोटोला बरी, कारण सूर्य कड्यामागे असतो आणि सगळा धबधबा सावलीत, सारख्या उजेडात. तरी पाण्याचा पांढरा एकदा फुटला, म्हणजे जास्त उजेडाने नुसता कोरा झाला, की फुटला. सावलीतला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो, फुटलेल्या पांढऱ्यात मात्र काहीच उरलेलं नसतं, रॉमध्ये सुद्धा. म्हणून पाण्यावर कुलूप लावायचं आणि कडा काळा पडला तर पडू द्यायचा.

आता रेशमी पाण्याबद्दल. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुधा एका मापाचं पक्कं असतं, ते लहान करता येत नाही. भर उजेडात शटर हळू केलं तर फोटो पांढराफेक होणार, समोर गडद फिल्टर लावल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून फोन दुसरी वाट काढतो. अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतो. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला लाँग एक्स्पोजर करायची सोय 2017 पासून आहे, इतर फोनांतही या ना त्या नावाने असते. पाणी कापूस पिंजल्यासारखं दिसतं. मला ते लहान ओढ्यावर चालतं, दूधसागरावर नाही. हा धबधबा अंगावर येतो, त्याचा आवाज छातीत बसतो; त्याला मऊ करणं म्हणजे त्याचा स्वभावच बदलणं. शटर जेवढं जलद तेवढं बरं, प्रत्येक झोत वेगळा दिसतो.

तुषार उडत असतात, दर फोटोआधी लेन्स पुसावी लागते. सुती रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवला होता, त्याचा उपयोग झाला. गर्दी टाळायला फोन उभा धरून डोह खालून कापून टाकला.

आणि मग मालगाडी आली. पुलावर एकामागून एक वाघिणी सरकत गेल्या आणि तेव्हाच कळलं की कडा किती मोठा आहे. तोपर्यंतच्या फोटोंत तो कितीही उंच असू शकला असता. खाली शेकडो लोक एकदम ओरडले. गाडी जाईपर्यंत अल्ट्रावाइडवर एक आणि टेलिफोटोवर बरेच फोटो झाले, आणि ठेवण्यासारखा निघाला तो टेलिफोटोचा: वर पाणी, मध्ये वाघिणींची तांबडी रेघ, खाली पाणी. आकाश नाही, माणसं नाहीत.

सोमवार: काब द राम, आगोंद

दादाला कामावर जायचं होतं, मी एकटाच गाडी घेऊन दक्षिणेला निघालो. मडगाव, बेतूलची खाडी, आणि मग चढउतार करत काब द राम. राम-सीता वनवासात इथे राहिल्याची कथा आहे. किल्ला सोंद्याच्या राजाकडे होता, 1763 मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेला. चिऱ्याच्या भिंती, गंजलेल्या तोफा, आत पांढरं चर्च, आणि तटावरून खाली निळा-हिरवा समुद्र.

तटावर दुपारी तीनचं ऊन. स्क्रीन दिसत नाही म्हणून तेज पूर्ण वाढवलं की दोन गोष्टी होतात: फोन तापतो, आणि तापला की स्वतःच स्क्रीन मंद करतो. टोपी काढून फोनवर धरली. अशा वेळी रंगांच्या मागे न लागता थेट कृष्णधवल केलं. तटाच्या कमानी, तोफांच्या सावल्या, कड्याची धार; रंग गेला की कडक ऊन शत्रू राहत नाही. टेलिफोटोने दक्षिणेकडची एकामागून एक समुद्रात घुसलेली भूशिरं टिपली. लांबचं फिकट, जवळचं गडद, अशा थरांना उन्हाचा धुरकटपणा उलट मदतच करतो.

सूर्यास्ताला आगोंदला आलो. गोव्याचे किनारे पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सूर्य थेट समुद्रात बुडतो आणि सगळे त्याचाच फोटो काढतात. फोनमध्ये तो फोटो नेहमी निराश करतो, कारण मुख्य कॅमेऱ्यात सूर्य टाचणीच्या डोक्याएवढा येतो. माझी पाठ बराच वेळ समुद्राकडे होती. मागच्या टेकडीवरच्या माडांवर, ओढून ठेवलेल्या होड्यांवर तो तांबडा उजेड पडला होता आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सूर्य गेला तसे लोक उठून जेवायला गेले. त्यानंतरची वीस मिनिटं इथली सर्वांत चांगली. भरती लागली होती. लाट वर येऊन परतली की काही क्षण ओली वाळू आरशासारखी होते, त्यात आकाशाची जांभळी-नारिंगी धार. लाट परतायला लागली की मोजून दोन सेकंदांनी बटण, हे गणित थोड्या वेळात हाताला बसतं. आवाज वाढवायच्या बटणाने फोटो काढला की हात हलत नाही. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर चिकट थर बसतो, दिव्यांभोवती लांबलचक रेघा दिसू लागल्या की समजायचं. नुसता कोरडा रुमाल तो फासतो, आधी जरा फुंकर घालून ओलसर करावा.

अमावास्या तीन-चार दिवसांवर आली होती, चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. साडेसातला किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, दिव्यांपासून लांब, लहान तिपाई वाळूत रोवली. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे इथे विजेऱ्या मिरवू नयेत. त्यांचा हंगाम थोडा पुढे असला तरी सवय आत्तापासून बरी. स्थिर ठेवलेला फोन नाइट मोडमध्ये 30 सेकंदांपर्यंत वेळ देऊ करतो. नैर्ऋत्येला आकाशगंगेचा पट्टा बुडायच्या बेतात होता, डोळ्यांना पुसट, फोटोत स्पष्ट. क्षितिजावर मासेमारीच्या बोटींचे दिवे एका ओळीत.

आणि इथेही तेच. पूर्ण 30 सेकंद दिले तर समुद्र निळा, वाळू पिवळी, माड हिरवे. वर तारे चिकटवलेली दुपार. दहा सेकंदांवर आणलं तेव्हा तारे थोडे कमी झाले, माड काळे झाले आणि रात्र रात्र राहिली. तीन सेकंदांचा टायमर लावावा, नाहीतर बटण दाबतानाचा धक्का ताऱ्यांच्या शेपट्या काढतो.

मंगळवार: चोर्ला

मावशीने नारळ, कोकम आणि सुपाऱ्यांची पिशवी डिकीत भरली. फोटो दादाला पाठवायचे होते; व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की ते दाबून लहान करून जातात, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवले. त्याने त्यातला लुंवणीचा लगेच स्टेटसला लावला, स्वतः विळा धरलेला.

साखळी, केरी, आणि चढ सुरू झाला तसं धुकं. वर रुंद जागा बघून गाडी पूर्ण बाजूला लावली, चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि उतरलो. इतके दिवस उजेड खाली ओढत आलो होतो, धुक्यात मात्र ते उलटं करावं लागतं. समोर सगळं पांढरं दिसलं की फोन समजतो उजेड फार झाला, आणि धुक्याचा मळकट करडा करतो. सूर्याचं चिन्ह या वेळी वर ढकललं, अर्ध्या-पाऊण पायरीने, तेव्हा धुकं पांढरं झालं आणि झाडांच्या काळ्या फांद्या त्यात उमटल्या. फोकस कुठे लावायचा हे फोनला अशा वेळी कळत नाही, तो पुढेमागे चाचपडत राहतो. जवळच्या खोडावर बोट दाबून कुलूप लावलं.

दरीत काही दिसत नव्हतं. वळणावरून एक ट्रक पिवळे दिवे लावून आला, त्याच्या आधीचा रिकामा रस्ता आणि तो आल्यावरचा रस्ता, दोन्ही ठेवलेत. कोणता बरा ते अजून ठरत नाही.

कणकुंबीला पोचेस्तोवर लख्ख ऊन पडलं होतं. फोनमध्ये जागाही फारशी उरली नव्हती. जांबोटीला चहाला थांबलो तेवढंच, मग थेट बेळगाव.